जन्माने मिळालेला अधिकार : संगणकातल्या ब्राउझरचा इतिहास आणि आपण

जून महिना लागला की जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एकच दृश्य दिसते. अंबड असो, परतूर असो की भोकरदन. महा ई-सेवा केंद्रासमोर आपली पोरेपोरी उभी असतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, आधार कार्ड, आईचे किंवा बापाचे बँक पासबुक. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, वसतिगृहाचा अर्ज करायचा, जात पडताळणीची कागदपत्रे अपलोड करायची. घरी संगणक नाही. मोबाईल आहे, पण स्क्रीन फुटलेली. म्हणून सगळा भरवसा त्या एका टेबलावरच्या एका संगणकावर.

गेल्या हंगामात अशाच एका केंद्रात मी बसलो होतो. चालवणारा तरुण आपल्याच वस्तीतला. एका मुलीच्या दाखल्याचे स्कॅनिंग चालू होते आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरच्या चौकटीतच एक पान उघडले. आधी जाहिरात, मग खाली मोठे बटण : ‘अपडेट करा’. तो बटण दाबणार, तेवढ्यात मी त्याला थांबवले. तो हसून म्हणाला, “दादा, हे सॉफ्टवेअरचंच आहे, इंटरनेटचं थोडंच आहे?”

मी विचारले, “हा संगणक कोणत्या अकाउंटवर चालतो?”

“अ‍ॅडमिनवर. दुसऱ्यावर निम्मी सॉफ्टवेअरं चालतच नाहीत. पासवर्ड पण नाही ठेवला, सारखा टाकावा लागतो ना.”

त्या दोन उत्तरांत गेल्या तीस वर्षांच्या संगणकाचा एक अख्खा इतिहास दडलेला आहे. तो इतिहास आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गातही मला कोणी सांगितला नव्हता. आम्हाला तेव्हा शिकवले गेले की इंटरनेट म्हणजे स्क्रीनवरचा तो निळा ‘ई’. त्या निळ्या ‘ई’च्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या आहेत, हे कोणी बोलले नाही. म्हणून हा लेख.

ब्राउझर म्हणजे काय?

आपण समजतो की ब्राउझर म्हणजे वेबसाइट दाखवणारी खिडकी. हे अर्धसत्य आहे. वेबसाइट नुसती अक्षरे आणि चित्रे पाठवत नाही, ती प्रोग्रॅमही पाठवते. बहुतेक पानांसोबत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या सूचना येतात आणि ब्राउझर त्या आपल्या संगणकावर चालवतो. म्हणजे ब्राउझरचे खरे काम कोणते? अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या घरात आणून चालवणे. संगणकावरच्या इतर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा हे काम जास्त धोक्याचे आहे. म्हणून ब्राउझरच्या हातात कमीत कमी अधिकार असले पाहिजेत.

आता दुसरी बाजू. संगणकात सगळे प्रोग्रॅम समान नसतात. ‘अ‍ॅडमिन’ अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम कुठलीही फाईल वाचू शकतो, पुसू शकतो, नवे सॉफ्टवेअर बसवू शकतो, दुसऱ्यांच्या खात्यात शिरू शकतो. त्याच्याही वर विंडोजमध्ये ‘सिस्टिम’ नावाचा दर्जा आहे. अँटिव्हायरससारख्या सॉफ्टवेअरचे मुख्य भाग त्या दर्जाने चालतात.

आणि इथे एक नियम आहे, जो आपल्या वाचकाला लगेच ओळखीचा वाटेल. एका प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला की साधारणपणे पहिल्याचे अधिकार दुसऱ्याला आपोआप मिळतात. दुसऱ्याला त्यांची गरज आहे का, लायकी आहे का, हे कोणी विचारत नाही. बाप अ‍ॅडमिन, म्हणून लेक अ‍ॅडमिन. मूळ सॉफ्टवेअरच्या पोटातच ब्राउझर बसवलेला असेल, तर वारशाचीही गरज नाही. दोघांचा देह एकच. जन्माने मिळालेला अधिकार म्हणजे काय आणि त्याने समाजाचे काय होते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. संगणकातही त्याने तेच होते.

हे आधी कोणाला कळले नव्हते का?

कळले होते. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात संगणक सुरक्षेची काही मूलतत्त्वे मांडली. त्यातले एक तत्त्व साधे आहे : प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपले काम करण्यापुरताच अधिकार असावा, त्याहून जास्त नको. आज जगभर हे तत्त्व शिकवले जाते.

१९८८ साली नॉर्म हार्डी यांनी दुसरी गोष्ट सांगितली. एका संगणकावर कम्पायलर नावाचा प्रोग्रॅम होता. आपली आकडेवारी साठवण्यासाठी त्याला एका राखीव फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच फोल्डरमध्ये ग्राहकांच्या बिलांची फाईलही होती. एका वापरकर्त्याने कम्पायलरला सांगितले, ‘तुझी माहिती या नावाच्या फाईलमध्ये लिही’, आणि नाव दिले बिलांच्या फाईलचे. वापरकर्त्याला त्या फाईलला हात लावण्याचा अधिकार नव्हता, पण कम्पायलरला होता. कम्पायलरने इमानदारीने हुकूम पाळला आणि बिलांची माहिती पुसली गेली.

हार्डींनी अशा प्रोग्रॅमला जे नाव दिले, त्याला आपण मराठीत ‘गोंधळलेला कारभारी’ म्हणू. हा कारभारी बेइमान नसतो. शिक्का त्याच्याकडे सरकारचा, पण हुकूम तो दारात येणाऱ्या कोणाचाही ऐकतो. हातातला अधिकार कोणाच्या कामासाठी वापरायचा, हे त्याला कळत नाही. गावगाड्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला हा कारभारी परका नाही.

जास्तीच्या अधिकाराने चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधला ब्राउझर हा असाच गोंधळलेला कारभारी असतो. शिक्का अ‍ॅडमिनचा आणि हुकूम इंटरनेटवरच्या कोणाचाही.

बाजाराने घातलेली गाठ

मग तत्त्व माहीत असूनही चूक का झाली? उत्तर तंत्रज्ञानात नाही, सत्ता आणि बाजारात आहे.

१९९५ च्या सुमारास ब्राउझरच्या बाजारात नेटस्केप पुढे होता. मायक्रोसॉफ्टला भीती वाटली की उद्या लोक सगळी कामे ब्राउझरमध्येच करू लागले, तर विंडोजची सद्दी संपेल. त्यांनी इंटरनेट एक्सप्लोरर आणला. १९९६ साली त्यात अ‍ॅक्टिव्हएक्स आले. हे तंत्र म्हणजे वेबपानातून थेट संगणकावर चालणारा प्रोग्रॅम. ‘परवानगी द्यायची का?’ असा एक प्रश्न समोर येई. होय म्हटले की त्या प्रोग्रॅमला वापरकर्त्याचे सगळे अधिकार. १९९७ साली आवृत्ती ४ आली आणि १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये ब्राउझर विंडोजच्या अंगातच शिवून टाकला गेला. पाने दाखवणारे त्याचे इंजिन फाईलच्या फोल्डरमध्ये, मदतीच्या पानांत, ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळीकडे वापरले जाऊ लागले. बाहेरच्या कंपन्यांनीही आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये तेच इंजिन बसवले. फुकटात तयार खिडकी कोणाला नको?

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. बातम्यांत तो मक्तेदारीचा खटला म्हणून गाजला. पण ५ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोंदवलेल्या निष्कर्षांत सुरक्षेचाही एक मुद्दा आहे. ब्राउझर विंडोजमध्ये असा गुंतवल्यामुळे तो कोसळला तर सगळी यंत्रणा कोसळण्याची शक्यता वाढली, आणि ब्राउझरमधून शिरलेल्या व्हायरसला यंत्रणेच्या इतर भागांत पसरणे सोपे झाले, असा त्याचा आशय आहे. ज्याला ब्राउझर नको होता, त्याच्याही गळ्यात तो बांधला गेला. २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. २००१ साली वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका कायम ठेवला.

म्हणजे ही गाठ वापरणाऱ्याच्या सोयीसाठी बांधलेली नव्हती. ती स्पर्धक संपवण्यासाठी बांधलेली होती. किंमत मात्र वापरणाऱ्याने मोजली.

किंमत कशी मोजली?

नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ नावाचा वर्म पुढे आला. तोपर्यंत लोकांना सांगितले जायचे, ‘जोडलेली फाईल उघडू नका, बाकी ईमेल वाचायला हरकत नाही.’ बबलबॉयने ही समजूत मोडली. आउटलुक एक्सप्रेसमध्ये ईमेल नुसते निवडून बाजूच्या चौकटीत दिसले तरी तो चालत असे. कारण ती चौकट म्हणजे ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला ब्राउझरच होता. सप्टेंबर २००१ मध्ये ‘निमडा’ आला. त्याने पसरण्यासाठी जे अनेक मार्ग वापरले, त्यातला एक हाच होता.

त्याच वर्षी विंडोज एक्सपी बाजारात आली. घरच्या संगणकावर बसवताना तयार होणारी खाती मुळातच अ‍ॅडमिनची असत. आपल्याकडच्या सायबर कॅफेत, संगणक वर्गात, ग्रामपंचायतीत वर्षानुवर्षे हीच एक्सपी चालली. म्हणजे गावोगाव अ‍ॅडमिनच्या अधिकाराने निळा ‘ई’ उघडला जात होता.

जून २००४ मध्ये गुन्हेगारांनी काही प्रतिष्ठित वेबसाइटांच्या सर्व्हरमध्ये शिरून त्यांच्या पानांत घातक कोड पेरला. इंटरनेट एक्सप्लोररने ती साइट नुसती पाहिली तरी संगणक बाधित होत असे. तेव्हा अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने सुचवलेल्या उपायांत ‘दुसरा ब्राउझर वापरा’ हाही एक उपाय होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आणला आणि ब्राउझरच्या इंजिनाचे काही अधिकार कापले. पुढे विस्टामध्ये अ‍ॅडमिनच्या कामासाठी वेगळी परवानगी विचारणारी चौकट आली आणि ब्राउझर कमी अधिकारात चालू लागला. २००८ साली गुगल क्रोम आला तो सँडबॉक्स घेऊनच. म्हणजे वेबपान चालवणारा भाग कुंपणात कोंडलेला. पानातला कोड बिघडला, उलटला, तरी कुंपणाबाहेर त्याला सहजी जाता येऊ नये.

जगाने जवळपास दहा वर्षांच्या नुकसानीनंतर १९७५ चे तत्त्व पुन्हा शिकले.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे ऑनलाइन बँकिंगसाठी सरकारमान्य प्रमाणपत्राची सक्ती झाली आणि ते प्रमाणपत्र अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालायचे. परिणाम असा, की अख्ख्या देशाला एकाच ब्राउझरची आणि ‘होय’ बटण दाबण्याची सवय लागली. सुरक्षेच्या नावाने केलेल्या सक्तीनेच लोकांना असुरक्षित सवय लावली. आपल्याकडेही कितीतरी सरकारी पोर्टलांवर वर्षानुवर्षे ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा’ अशी सूचना असायची, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल.

पहारेकऱ्याच्या खोलीतली खिडकी

मित्रांनो, इथे इतिहास संपला असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण पुढच्या दारातून हाकललेला जन्मजात अधिकार मागच्या दाराने परत आला.

२०१६ च्या सुरुवातीला गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातले संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी काही नामांकित अँटिव्हायरस कंपन्यांची सॉफ्टवेअरे तपासली. ट्रेंड मायक्रोच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असा दोष निघाला, की कुठलीही वेबसाइट त्याच्यामार्फत तुमच्या संगणकावर हुकूम चालवू शकत होती. त्यात दिलेला ‘सुरक्षित ब्राउझर’ म्हणजे क्रोमियमची जुनी आवृत्ती होती आणि तिचा सँडबॉक्स बंद करून ठेवलेला होता. कोमोडोच्या ब्राउझरमध्ये एका साइटला दुसऱ्या साइटची माहिती वाचू न देणारा मूलभूत नियमच बंद होता. अवास्टच्या ब्राउझरमधल्या दोषामुळे एका लिंकवर क्लिक केल्याने फाईली वाचता येत होत्या. ऑर्मंडी यांनी कळवल्यावर कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. पण मुद्दा लक्षात घ्या. पहारेकऱ्याच्या खोलीलाच रस्त्याच्या बाजूने उघडी खिडकी होती.

आज असंख्य सॉफ्टवेअरांच्या पोटात ब्राउझर आहे, फक्त तो ब्राउझरसारखा दिसत नाही. लॉगिनची चौकट, ‘नवीन काय’ हे पान, जाहिरात, मदत, अपडेट : यातले पुष्कळसे आतल्या ब्राउझरने दाखवलेले असते. आपल्या कार्यकर्त्यांचा विश्वास असलेल्या सिग्नलची संगणकावरची आवृत्तीही क्रोमियमवरच बांधलेली आहे. मे २०१८ मध्ये तिच्यात असा दोष सापडला, की समोरच्याने पाठवलेला मेसेज नुसता मजकूर म्हणून न दिसता वेबपानासारखा चालवला जाई. सिग्नलने तो तातडीने दुरुस्त केला. सिग्नल वापरू नका असे मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो, अपडेट टाळू नका.

आणि जुना निळा ‘ई’? १५ जून २०२२ रोजी तो अधिकृतपणे निवृत्त झाला. पण त्याचे इंजिन विंडोजमध्ये आजही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्डच्या फाईलमधून तेच इंजिन जागे करून हल्ले झाल्याचे उघड झाले. २०२४ साली दक्षिण कोरियात तर स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिरात दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधले तेच जुने इंजिन हल्लेखोरांनी वापरले. जाहिरात आपोआप येत होती, त्यामुळे कोणी काही क्लिक करण्याचीही गरज नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो दोष बुजवला.

“सॉफ्टवेअरचंच आहे, इंटरनेटचं थोडंच आहे?” या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. सॉफ्टवेअरच्या चौकटीत दिसते म्हणून ते आपले होत नाही. चौकट ओळखीची असते, आतला कोड बाहेरचा असू शकतो.

हा आपला प्रश्न का आहे?

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचार, शिष्यवृत्ती, गायरान जमिनी हे प्रश्न पडलेले असताना हे काय मध्येच? त्यांना मी भीमा कोरेगाव प्रकरण आठवण्याची विनंती करतो.

त्या प्रकरणातले बरेचसे पुरावे इलेक्ट्रॉनिक आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीवरचा अहवाल दिला. त्यानुसार जून २०१६ मध्ये आलेल्या एका ईमेलमधली फाईल उघडल्यावर ‘नेटवायर’ हे दूरून ताबा देणारे सॉफ्टवेअर त्यांच्या संगणकात बसले आणि पुढे त्यातूनच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रे ठेवली गेली. नागपूरचे आंबेडकरी वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबत आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबाबतही त्याच संस्थेने तसेच निष्कर्ष मांडले. स्टॅन स्वामींबाबतचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. तोपर्यंत त्यांच्या कोठडीतल्या मृत्यूला, ५ जुलै २०२१ ला, सतरा महिने होऊन गेले होते. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. खरे-खोटे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे.

इथे प्रामाणिकपणे एक फरक सांगितला पाहिजे. त्या अहवालात सांगितलेला शिरकावाचा मार्ग सॉफ्टवेअरमधल्या ब्राउझरचा नव्हता, ईमेलमधून आलेल्या फाईलचा होता. पण मूळ एकच आहे. बाहेरून आलेला कोड आतल्या माणसाच्या अधिकाराने चालला, की संगणकात जे घडते ते त्या माणसाच्याच नावावर नोंदले जाते. फाईल कोणी ठेवली, हा प्रश्न नंतर तज्ज्ञ सोडवतील. तोवर माणूस तुरुंगात असतो. ज्या समाजातल्या कार्यकर्त्याचा संगणक पुरावा म्हणून उचलला जाऊ शकतो, त्या समाजाला संगणकातले अधिकार समजून घेणे ही चैन नाही.

आणि प्रश्न केवळ मोठ्या नावांचा नाही. स्वतःचा नवा लॅपटॉप असलेल्याचा संगणक अपडेट होतो, त्याचे कागद त्याच्याच घरात राहतात. वस्तीतल्या मुलीचे कागद राहतात केंद्राच्या डेस्कटॉपवर, पासवर्ड नसलेल्या अ‍ॅडमिन खात्यात, शेकडो इतरांच्या कागदांसोबत. त्या संगणकात अजून विंडोज ७ असेल तर तिची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्याच्याकडे साधन नाही, त्याला दुसऱ्याचे साधन वापरावे लागते आणि दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची शिक्षाही त्यालाच भोगावी लागते. विहीर बदलली, अवलंबून राहणे तेच.

बाबासाहेबांचा इशारा इथेही लागू होतो

‘पण ते सॉफ्टवेअर चांगल्या कंपनीचे आहे, सरकारी कामाचे आहे, त्यावर विश्वास ठेवायला काय हरकत?’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या इशाऱ्याची आठवण करून दिली होती. माणूस कितीही मोठा असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. संस्थाच उलथवता येतील इतकी सत्ता त्याच्या हाती सोपवू नये, असा त्याचा आशय आहे. बाबासाहेब तेव्हा राजकारणातल्या भक्तीविषयी बोलत होते. पण तर्क तोच आहे. प्रश्न समोरचा चांगला की वाईट हा नाहीच. तो चुकला, फितला किंवा फसला, तर नुकसान किती होईल, हा प्रश्न आहे. अधिकार मर्यादित असेल तर नुकसानही मर्यादित राहते. संविधानाने सत्ता विभागली ती याच शहाणपणातून. ट्रेंड मायक्रो किंवा अवास्ट वाईट हेतूच्या कंपन्या होत्या असे कोणी म्हटले नव्हते. त्यांच्याकडून चूक झाली, आणि हातात अधिकार मोठा असल्यामुळे चूकही मोठी ठरली.

मग करायचे काय?

पहिले, संगणकावर दोन खाती करा. एक अ‍ॅडमिनचे, त्याला पक्का पासवर्ड; ते फक्त सॉफ्टवेअर बसवण्यापुरते. दुसरे साधे खाते रोजच्या कामाला. आतला ब्राउझर उलटला तरी त्याला वारशाने मिळणारा अधिकार मग साध्या खात्याचाच असेल. त्याने त्या खात्यातले कागद सुरक्षित होतात असे नाही. पण संगणकाची मालकी सहजासहजी जात नाही.

दुसरे, कुठल्याही सॉफ्टवेअरच्या चौकटीतून आलेले ‘अपडेट करा’ हे बटण दाबू नका. सॉफ्टवेअर बंद करा, आपला नेहमीचा अद्ययावत ब्राउझर उघडा, कंपनीच्या साइटवर स्वतः जा. मोबाईलमध्येही हेच. सोशल मीडियाच्या अ‍ॅपमध्ये लिंक दाबली की ती पुष्कळदा त्या अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. बँकेचा किंवा शिष्यवृत्तीचा पासवर्ड तिथे टाकू नका.

तिसरे, न लागणारी सॉफ्टवेअरे काढून टाका. प्रत्येक फुकटचे टूलबार, हवामान दाखवणारी चौकट, जाहिरातीचे सॉफ्टवेअर म्हणजे रस्त्याकडे उघडणारी आणखी एक खिडकी.

चौथे, केंद्रचालकांनी काम झाल्यावर विद्यार्थ्यांचे स्कॅन पुसावेत आणि विद्यार्थ्यांनी ते आपल्यासमोर पुसायला सांगावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. कागद तुमचा आहे.

पाचवे, कायदेशीर कामे करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पीडितांचे जबाब, फोटो, वकिलांची टिपणे ज्या संगणकावर आहेत, त्यावर इंटरनेटची इतर कामे करू नयेत.

आणि सहावे, जे एकट्याने होणार नाही. सरकारी कामासाठी लागणारे सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन अधिकाराशिवाय चालले पाहिजे, ही मागणी संघटनांनी निवेदनांत घातली पाहिजे. कोणत्या कामासाठी कोणता अधिकार लागतो, हे विचारायला माहिती अधिकाराचा कायदा आहे. आपण रेशनच्या याद्या मागतो, निधीचा हिशेब मागतो. मग आपल्या कागदांवर कोणत्या प्रोग्रॅमचा किती हक्क आहे, याचा हिशेब का मागू नये?

त्या दिवशी केंद्र बंद झाल्यावर आम्ही दोघांनी बसून दुसरे खाते तयार केले. अर्ध्या तासाचे काम. बोटाचे ठसे घेणारे सॉफ्टवेअर एकदा पासवर्ड मागून नंतर साध्या खात्यावर सुरळीत चालले. स्कॅनरचे चालेना. त्याच्या चौकटीतले जाहिरातीचे पान उघडायलाही अ‍ॅडमिनची परवानगी मागितली जात होती. तो तरुण स्क्रीनकडे बघत म्हणाला, “दादा, जाहिरात दाखवायला अ‍ॅडमिन कशाला लागतो?”

बरोबर प्रश्न आहे. आम्ही ते सॉफ्टवेअर काढले आणि विंडोजच्या साध्या सोयीनेच स्कॅनिंग सुरू केले. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग नेहमीसारखीच होती.

अधिकार पाहिला की ‘हा कशाला लागतो?’ असे विचारायचे, ही आपल्या चळवळीची जुनी सवय आहे. ती संगणकासमोर बसतानाही सोडू नका.

जय भीम!